स्तनाच्या कर्करोगाचे निदान आणि उपचारस्थानाची निवड

(वैराग येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमांत आरोग्यावर एक व्याख्यान असावे, आणि ज्या दुखण्याविषयी घराघरांतून अजूनही दबक्या आवाजात बोलले जाते त्याच दुखण्यावर ते असावे, असे संयोजकांनी ठरविले हे उचितच झाले. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. परंतु तो कशाने होतो आणि कसा टाळावा, याचा ऊहापोह आज करावयाचा नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रोग लवकर सापडला, गाठ लहान आहे, बरी होण्यासारखी अवस्था आहे असे डॉक्टर सांगतात. आता उपचार कोठे घ्यावयाचे? खाजगी रुग्णालयात की सरकारी?

हा प्रश्न आता क्वचित पडणारा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडील स्त्रियांना तो कमी वयात होतो. म्हणजे मुले शाळेत आहेत, सासू-सासरे थकलेले आहेत आणि घराचा सारा भार जिच्यावर आहे, अशा वयात.

वैरागमधील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची सून. अंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कोणाला सांगितली नाही. (दुखत नाही म्हणून दुर्लक्ष केले जाते, वास्तविक या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.) मग धाकट्या जावेच्या आग्रहावरून तपासणी झाली आणि अहवाल आला. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत घरात चार मते तयार होतात. पुण्यातला दीर फोनवर म्हणतो, "वहिनी, पैशाकडे पाहू नका, सरळ इकडे या." मामा म्हणतात, "टाटाशिवाय दुसरीकडे हात लावू देऊ नका." शेजारी सांगतात की सोलापूरला एक चांगले डॉक्टर आहेत, चार दिवसांत गाठ काढून घरी पाठवितात. आणि कोणीतरी हलक्या आवाजात सुचविते की सुई-चाकू लावला की रोग पसरतो, त्यापेक्षा अमुक ठिकाणचे औषध घ्यावे. या चारही मतांत एक गोष्ट समान आहे. ज्या बाईला रोग झाला तिचा अहवाल नेमके काय सांगतो, अजून कोणत्या तपासण्या व्हावयाच्या आहेत, हे कोणी विचारलेले नाही.

खाजगी की सरकारी हा पहिला प्रश्न नाहीच, तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की उपचारांचा संपूर्ण आराखडा पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी ठरणार आहे काय, आणि ठरलेला आराखडा शेवटपर्यंत तडीस नेण्याची सोय आहे काय? ज्या ठिकाणी या दोन्हींचे उत्तर होकारार्थी येईल ते ठिकाण योग्य. मग त्याच्या दारावर कोणतीही पाटी असो.

प्रथम आराखड्याविषयी. स्तनातील गाठीची तपासणी तीन अंगांनी करावी लागते: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी अथवा सोनोग्राफी, आणि जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा घेऊन केलेली बायॉप्सी. त्या तुकड्यावर आणखी काही चाचण्या होतात. गाठ स्त्रीसंप्रेरकांवर वाढणारी आहे की नाही, आणि 'हर टू' नावाचे प्रथिन तिच्यात वाजवीपेक्षा जास्त आहे की नाही, हे त्यांतून कळते. पुढील सर्व उपचार या दोन उत्तरांवर अवलंबून असतात. कोणाला आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया द्यावी, कोणाला आधी शस्त्रक्रिया, कोणाला केमोथेरपीची गरजच नाही, हे त्यावरून ठरते. सुईने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. उलट खरे नुकसान घडते ते "आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू" या घाईने. अशी घाई लहान गावांत अनेकदा होते, सद्हेतूने होते, आणि कुटुंबाला ती तत्परता वाटते. परंतु अर्धवट काढलेल्या गाठीनंतर किती भाग राहिला, काखेतील ग्रंथींची स्थिती काय होती, स्तन वाचविता आला असता काय, ही उत्तरे मिळविणे पुढच्या डॉक्टरांना कठीण होऊन बसते. बहुतेकदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

येथे वेळेचा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे. निदान झाले की घरच्यांना वाटते, एक दिवसही दवडता कामा नये. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. लक्षण जाणवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिने वा अधिक काळ गेला, तर रुग्णाचे आयुष्यमान घटते, असे त्यात दिसून आले. म्हणजे विलंब घातक आहे हे खरेच. पण तो महिन्यांच्या हिशेबातला. निदानानंतर चाचण्या पूर्ण करण्यात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात आणि पैशाची व्यवस्था पाहण्यात दोन-तीन आठवडे गेले, तर त्याने सहसा बिघडत नाही. हे दोन-तीन आठवडे शांत चित्ताने वापरावेत. वर सांगितलेल्या घरात मात्र दोन महिने आधीच गेलेले आहेत, हेही विसरता येणार नाही.

शस्त्रक्रिया कोणती करावयाची, हा या आजारातला सर्वांत नाजूक निर्णय आहे आणि उपचारांच्या ठिकाणाशी त्याचा थेट संबंध आहे. एके काळी पूर्ण स्तन काढणे हाच उपाय समजला जात असे. अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीतील डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी स्वतंत्रपणे केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान गाठ असलेल्या स्त्रियांत केवळ गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तर पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच त्या जगतात, हे त्यांतून सिद्ध झाले. मात्र या वाक्यातला "नंतर किरणोपचार दिले तर" हा भाग फार महत्त्वाचा आहे. जेथे किरणोपचाराचे यंत्र नाही किंवा जेथून ते गाठणे परवडत नाही, तेथे डॉक्टर आणि कुटुंब दोघेही पूर्ण स्तन काढण्याकडे झुकतात. एखादीला तेच हवे असेल, किंवा वैद्यकीय कारणाने तेच योग्य असेल, तर गोष्ट वेगळी. पण केवळ बसच्या भाड्यापायी आणि मुक्कामाच्या गैरसोयीपायी एखादीने शरीराचा अवयव गमवावा, आणि तिला दुसरा पर्याय होता हे कोणी सांगूही नये, ही गोष्ट खेदाची आहे.

समाधानाची गोष्ट अशी की किरणोपचारांचा कालावधी आता पुष्कळ आखडला आहे. पूर्वी पाच ते सहा आठवडे रोज जावे लागे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचण्यांनी तीन आठवड्यांचे, पंधरा दिवसांचे उपचार तितकेच परिणामकारक असल्याचे दाखविले. २०२० मध्ये तेथीलच चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एका आठवड्यातील केवळ पाच वेळांचे किरणोपचारही काही रुग्णांना पुरेसे ठरतात, असे दिसले. आपल्या रुग्णाला यांपैकी कोणती पद्धत लागू पडेल, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. खेड्यातून येणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाच आठवडे आणि तीन आठवडे यांत दोन आठवड्यांचे भाडे, जेवण आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी एवढे अंतर असते.

आता खाजगी रुग्णालयांविषयी. त्यांची निंदा करण्याची आपल्याकडे फॅशन आहे, आणि आजारी पडल्यावर पहिली धाव तिकडेच घेण्याचीही. दोन्ही सोडून पाहू. खाजगी रुग्णालयात तपासण्या लवकर होतात, शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळते, डॉक्टरांशी निवांत बोलता येते, वेगळी खोली मिळते. घाबरलेल्या स्त्रीला याचा मोठा आधार असतो, तो क्षुल्लक समजू नये. चांगल्या खाजगी रुग्णालयातील शल्यविशारद, केमोथेरपीचे आणि किरणोपचाराचे तज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाची योजना ठरवितात. अशी पद्धत आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. जेथे एकच डॉक्टर सर्व काही ठरवितो, तेथे दुसरे मत घ्यावेच.

अडचण खर्चाची आहे, पण ती लोक समजतात तशी नाही. कुटुंबे शस्त्रक्रियेचे बिल डोळ्यांपुढे ठेवतात. ते कसेबसे भरले जाते: थोडी शिल्लक, थोडे सोने गहाण, थोडे भावाकडून. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. केमोथेरपी लागली तर चार ते सहा महिने. मग किरणोपचार. गाठ 'हर टू' जातीची असेल, तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी साधारण एक वर्ष. या औषधाची एक कुपी एके काळी लाखाच्या घरात मिळत असे. २०१४ पासून देशी कंपन्यांनी त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणल्यावर किंमत बरीच उतरली, तरी वर्षभराचा हिशेब सामान्य शेतकऱ्याला झेपणारा नाही. गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल, तर निदान पाच वर्षे रोज गोळी. ही गोळी त्या मानाने स्वस्त असते. आणि घरे अडतात ती मधल्या टप्प्यावर. शस्त्रक्रिया उत्तम झाली, केमोथेरपीचे तीन हप्ते झाले आणि पैसा संपला. सोयाबीन विकून पुढचे पाहू म्हणता म्हणता दोन महिने निघून गेले. महागड्या रुग्णालयातील अर्ध्या उपचारांपेक्षा साध्या रुग्णालयातील पूर्ण उपचार निःसंशय श्रेष्ठ. म्हणून खाजगी रुग्णालय निवडताना शस्त्रक्रियेचा नव्हे, संपूर्ण उपचारांचा अंदाज लेखी मागावा. तो द्यायला जे रुग्णालय टाळाटाळ करील, तेथे पुढे काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही.

सरकारी म्हटले की वैरागच्या माणसाला दोन चित्रे दिसतात. एक सोलापूरचे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सर्वजण 'सिव्हिल' म्हणतात. आणि दुसरे मुंबईच्या परळचे टाटा स्मारक रुग्णालय. टाटाचे नाव खेडोपाडी पोहोचले आहे, पण ते रुग्णालय नेमके कोणाचे, याविषयी गोंधळ दिसतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. जो उपचार पत्नीला विलायतेत घ्यावा लागला तसा येथील लोकांना येथेच मिळावा, ही सर दोराबजी टाटांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने ते ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे नाव टाटांचे, पण संस्था सरकारी. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे. एका दानातून उभी राहिलेली संस्था पुढे सार्वजनिक झाली आणि वाढली, ही गोष्ट कोणत्याही विश्वस्त संस्थेने ध्यानात घेण्याजोगी आहे.

या रुग्णालयात रुग्णांचे सामान्य व खाजगी असे वर्ग आहेत, आणि त्यावरून घराघरांत वाद होतात. "आपण काय धर्मादाय आहोत का, खाजगीत नाव घाला," असे एखादे प्रतिष्ठित गृहस्थ म्हणतात. समजून घ्यावयाचे ते एवढेच की फरक प्रतीक्षेत, खोलीत आणि बिलात असतो. उपचारांची पद्धत एकच असते आणि तज्ज्ञही तेच असतात. सामान्य वर्गात नाव घातल्याने कमी प्रतीचे औषध मिळत नाही. नाव नोंदवितानाच तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागाशी बोलावे आणि घरची परिस्थिती आहे तशी सांगावी. प्रतिष्ठेपायी खाजगी वर्ग घेऊन वर्षभराने कर्जाखाली दबलेल्या कुटुंबाला तीच प्रतिष्ठा फार महाग पडते.

तेथील संशोधनाचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीच्या भोवती साधे भूल देण्याचे औषध टोचावयाचे, एवढाच उपाय. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. ज्यातून कोणत्याही कंपनीला नफा नाही असा प्रश्न विचारण्याची उसंत सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेलाच अधिक असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु टाटाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे येतात. गर्दी अफाट असते, तारखांची वाट पाहावी लागते, आणि पदपथावर अंथरूण टाकून राहिलेले रुग्ण पाहिले की खेड्यातून आलेली बाई खचून जाते. बार्शीहून रात्रीच्या लातूर–मुंबई गाडीत बसले की सकाळी मुंबई गाठता येते. प्रश्न त्यानंतरच्या मुक्कामाचा असतो. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही संस्था आहेत. तेथे जागा मिळेल की नाही, याची चौकशी मुंबईला निघण्यापूर्वी करावी. स्टेशनवर उतरल्यावर करू नये. उपचारांचा आराखडा तेथे ठरवून घ्यावा आणि केमोथेरपीचे हप्ते गावाजवळ घ्यावेत, असाही मार्ग पुष्कळदा निघतो. त्यासाठी डॉक्टरांनाच विचारावे लागते; आपणहून कोणी सांगेल, या आशेवर राहू नये.

गावाजवळ म्हटल्यावर बार्शीचा विचार येतो, आणि बार्शीविषयी थोडे विस्ताराने बोलणे क्रमप्राप्त आहे. कारण घरच्या अंगणातील झाड औषधी असले तरी लोक त्याला ओळखत नाहीत. भारतातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली ती मुंबई-दिल्लीजवळ नव्हे, आपल्या बार्शीत. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. येथे ते शक्य नव्हते, कारण खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. चावडीवर, देवळात, कोणाच्या ओट्यावर लोकांना जमवून अंगावरून जाणे, न भरणारी जखम, न दुखणारी गाठ ही लक्षणे समजावून सांगू लागले आणि लक्षणे असलेल्यांना तपासणीला येण्यास राजी करू लागले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचा परिणाम प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले होते. नवे यंत्र आणले नव्हते. माणसांशी बोलले गेले होते.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय या कामाचे केंद्र. हे रुग्णालय सरकारी नव्हे आणि नफ्यासाठी चालणारे खाजगीही नव्हे. ते सेवाभावी संस्थेचे आहे. टाटा स्मारक आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर या रुग्णालयाने शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या विषाणू-तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये निघाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. तो रोग वेगळा, हे मान्य. येथे सांगावयाचे ते इतकेच की वैरागपासून तासाभराच्या आत जे काम होते, ते परगावच्या संगमरवरी इमारतीतील कामापेक्षा कमी प्रतीचे असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तेथे जावेच असे येथून सांगता येणार नाही. कोणत्या रुग्णाला कोणते ठिकाण योग्य हे तिच्या अहवालावरून ठरेल. पण मुंबई-पुण्याचे तिकीट काढण्यापूर्वी बार्शीत एक मत घ्यावे, एवढे निश्चित सांगता येईल.

पैशाच्या व्यवस्थेविषयी काही गोष्टी माहीत असाव्यात. २ जुलै २०१२ रोजी राज्य शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, त्यांत सोलापूर होते. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि त्यानंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. आधी प्रतिकुटुंब वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत असलेले संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ते देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला व २०२४ पासून तो अमलात आला. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार तिच्यात येतात. आणि ही योजना फक्त सरकारी रुग्णालयांत चालते असे नाही. तिच्याशी संलग्न असलेल्या खाजगी व सेवाभावी रुग्णालयांतही चालते. म्हणजे ज्या भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, असा वाद घरात चालू असतो, ती भिंत बऱ्याच अंशी पडलेली आहे. मात्र रुग्णालय संलग्न आहे काय आणि आपल्याला लागणारा उपचार तेथे या योजनेतून मिळतो काय, हे दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला विचारावे. आधी स्वतःच्या पैशाने शस्त्रक्रिया करून नंतर योजनेचे कागद शोधणारी कुटुंबे पदरी निराशा घेऊन परततात. सुरुवातीच्या निदानाच्या चाचण्यांचा खर्च बहुधा घरचाच असतो, तेवढी तजवीज ठेवावी.

आणखी एक तरतूद आहे, जिची माहिती विश्वस्त संस्थांच्या कार्यकर्त्यांना तरी असायलाच हवी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने मंजूर झालेल्या योजनेनुसार धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. पुण्या-मुंबईतील पंचतारांकित वाटणारी अनेक रुग्णालये कायद्याने धर्मादाय आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन गेलेल्या माणसाचा तेथे हक्क असतो. तो भीक मागत नसतो. दाखला काढायला लागणारे दिवस वर सांगितलेल्या दोन-तीन आठवड्यांतच बसवावेत.

राहिला प्रश्न निर्णय कोणी घ्यावयाचा. आपल्या घरांत बहुतेकदा कर्ते पुरुष बैठक घालून ठरवितात आणि ज्या बाईचे शरीर आहे ती स्वयंपाकघरात असते. तिला आजाराचे नाव सांगू नये, असाही आग्रह धरला जातो. कर्करोगाचे उपचार सहा महिने, वर्ष, पाच वर्षे चालतात. नाव न सांगता ते कसे चालणार? स्तन राखावा की काढावा, मुंबईला मुक्काम करावा की बार्शीहून ये-जा करावी, सोबत जाऊ हवी की माहेरची बहीण, ही उत्तरे तीच देऊ शकते. पुष्कळ स्त्रिया पहिल्याच दिवशी म्हणतात, "माझ्यावर एवढा पैसा घालवू नका, पोरीचं लग्न आहे." हे तिचे मत नव्हे, ती तिची भीती आहे. संपूर्ण खर्चाचा आणि योजनेचा कागद तिच्यापुढे ठेवला की तीच बाई नीट विचार करून बोलू लागते.

व्रत-उपवासांच्या बाबतीतही आधीच बोलणे झालेले बरे. केमोथेरपीच्या काळात वजन उतरू न देणे आणि पाणी पुरेसे पिणे आवश्यक असते; मळमळ थांबविणाऱ्या काही गोळ्या रात्री घ्याव्या लागतात. रात्रीचे अन्न-पाणी वर्ज्य करणाऱ्या स्त्रीने हे डॉक्टरांपासून लपवू नये. वेळा पुढे-मागे करून मार्ग निघू शकतो, आणि जेथे निघत नाही तेथे आजारपणातील मोकळीक परंपरेलाही ठाऊक आहे. ती साधू-साध्वींकडून विचारून घ्यावी, म्हणजे मनाला रुखरुख राहत नाही.

उपचार संपवून बाई वैरागला परतली की पाहुणे येतात, नारळ फुटतो आणि घर तो विषय मिटवून टाकते. त्यानंतरच्या गोष्टी मात्र घराजवळच करावयाच्या असतात आणि त्यांना कोणत्याही मोठ्या रुग्णालयाची गरज नसते. रोजची गोळी चुकू नये. सुरुवातीची काही वर्षे ठरलेल्या महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी व्हावी. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज आली, तर शेतात काम करून आली असेल म्हणून सोडून देऊ नये. त्या हाताचे व्यायाम शिकवून दिलेले असतात, ते करावेत. जड घागर दुसऱ्या हाताने उचलावी. सर्व अहवाल, शस्त्रक्रियेचा कागद आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात, आणि ती फाइल कपाटात कोठे आहे हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे.